भिंतीवर काय काढायचं, हे कोण ठरवणार?

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावं एकमेकांना चिकटूनच येतात. कागदोपत्री ती अजून ग्रामपंचायतीची आहेत, नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) आहे आणि राहणी मात्र पूर्ण शहरी झाली आहे. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही मुळशीतली गावं २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. हिंजवडी-माण भागाला तर आयटी पार्कने त्याच्या कितीतरी आधीच शहर करून टाकलं. २०११च्या जनगणनेत सगळ्या मुळशी तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आत होती. त्यानंतर माणसं किती वाढली याचा अंदाज संध्याकाळच्या रस्त्यावरून कुणालाही बांधता येईल. या पट्ट्यातल्या शाळांमध्ये, मजुरांच्या वस्त्यांवर आणि सोसायट्यांमध्ये मी मुलांबरोबर चित्रकलेचं आणि भिंती रंगवण्याचं काम करते. या कामातून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. भिंत कुणाची, रंग कुणी दिले, चित्र किती सुबक आलं, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी नंतरचे आहेत. भिंतीवर काय काढायचं हे ठरवण्याच्या खटाटोपातच सार्वजनिक कलेतलं जवळपास सगळं शिक्षण असतं, आणि आपल्याकडे नेमका तोच भाग मुलांच्या आणि वस्तीच्या हातून काढून घेतला जातो.

आज या भागात रंगवलेल्या भिंती कमी नाहीत. त्यातला मोठा वाटा स्वच्छतेच्या मोहिमांचा आहे. २०१६ साली स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं, शहरं गुणांच्या स्पर्धेत उतरली आणि सुशोभीकरणाचे ठेके निघू लागले. शहराचं पाहून शेजारच्या गावांनीही तेच उचललं. ठेकेदाराला चौरस फुटाचा दर मिळतो, म्हणून लवकर होणारं आणि कुणाची हरकत न येणारं चित्र तो निवडतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात काही चुकीचं नाही. झाड, चिमणी, ओला-सुका कचऱ्याचे डबे, शाळेत निघालेली मुलगी आणि वारली नाचाची रांग. ही रांग पाहिली की मला फार वाईट वाटतं. वारली चित्र मुळात डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत. त्यातल्या चौकाला, म्हणजे मधल्या चौकोनी आकृतीला, अर्थ होता, तो काढणाऱ्या हातांना मान होता. जिव्या सोमा मशे यांनी ते चित्र कागदावर आणलं, जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातून वारली चित्र बदललं, पण ते त्यांच्याच जगण्याच्या आतून बदललं. मुळशीच्या कंपाउंडवर उमटणारी रांग कुणाच्याच जगण्यातून आलेली नसते. इथले आदिवासी कातकरी आणि महादेव कोळी आहेत. ओढ्यातले खेकडे कुठल्या दगडाखाली सापडतात, मधाचं पोळं कधी काढायचं, पावसाची चाहूल कशी लागते, हे कातकरी मुलांना जितकं बारकाईने ठाऊक असतं तितकं वर्गातल्या दुसऱ्या कुणालाच नसतं. आणि ती मुलं ज्या शाळेत बसतात तिच्या भिंतीवर दूर पालघरच्या दुसऱ्या आदिवासींची नक्षी, तीही तिच्या अर्थापासून तोडलेली.

शाळांच्या आत वेगळी परंपरा आहे, ती बोलक्या भिंतींची. बाराखडी, पाढे, ऋतुचक्र, शरीराचे अवयव, महाराष्ट्राचा नकाशा. हा प्रकार मी मोडीत काढणार नाही. घरात छापील अक्षर नसलेल्या मुलाला भिंतीवरचं अक्षर खरोखर उपयोगी पडतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी वर्गाची फरशी आणि भिंत ज्ञानरचनावादी पद्धतीने वापरायला घेतली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. तिथे फरशीवरची आकृती हे मुलांच्या हाती दिलेलं साधन होतं. मूल तिच्यावर बसून, खडे-काड्या मांडून स्वतः शिकत होतं. त्याचं अनुकरण झालं तेव्हा रंगवलेल्या फरश्या भराभर पसरल्या आणि त्यामागची पद्धत मागे राहिली, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. बोलक्या भिंतींचीही हीच मर्यादा आहे. भिंत बोलते, मूल ऐकतं. पेंटर रविवारी येतो, मुलं सोमवारी येतात आणि भिंत तयार असते. ती तयार होताना काय टाकलं, काय गाळलं, का गाळलं, या निर्णयाशी मुलांचा संबंधच येत नाही.

असं का होतं याची कारणं व्यवस्थेत आहेत, शिक्षकांच्या मनात नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलं आहे, पण पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या, ताम्हिणीकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा ही अट कधीच पुरी करू शकणार नाहीत. भूगाव-हिंजवडीकडच्या शाळांत पट ओसंडतो, पण तिथे वर्गखोल्यांचीच ओढाताण असते. पहिली ते पाचवीला तर असा निदेशकही नाही. मग कलेचं जे काही उरतं ते शासकीय रेखाकला परीक्षेभोवती उरतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी महाराष्ट्रात हजारो घरांत रंगपेटी पोचवली, वस्तूकडे नीट बघण्याची सवय लावली. त्यांचं ऋण मोठं आहे. मात्र स्थिरचित्र असो, स्मरणचित्र असो की संकल्पचित्र, सगळं काम एकट्याने, ठरलेल्या वेळात, परीक्षकासाठी करायचं असतं. चार मुलांनी मिळून एक चित्र करताना भांडणं होतात, एकाची कल्पना दुसऱ्याच्या कल्पनेला कापते, तडजोड करावी लागते. या कौशल्याला त्या परीक्षेत जागा नाही. आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचं सगळं लक्ष त्या गुणांकडे गेलं आहे.

याचा अर्थ सामूहिक, सार्वजनिक कला आपल्याला परकी आहे असा कुणी काढला तर तो साफ चुकीचा ठरेल. पुण्याच्या गणेशोत्सवातले देखावे ही रस्त्यावरची कलाच आहे. अभिनव कला महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डी. एस. खटावकर यांच्यासारख्या शिल्पकाराने तुळशीबागेच्या गणपतीसाठी वर्षानुवर्षं देखावे घडवले, आणि पेठांमधल्या मंडळांचे जिवंत देखावे आजही गल्लीतली मुलं-मुली उभे करतात. पण मला सगळ्यात मोलाचं उदाहरण वाटतं ते दिवाळीच्या किल्ल्याचं. सहामाही परीक्षा संपते आणि कुणी वर्ग घेतलेला नसताना, कुणी साहित्य वाटलेलं नसताना मुलं दगड-विटा जमवायला लागतात. ढिगारा रचायचा, त्यावर गोणपाट टाकायचं, त्यावर चिखलाचा लेप द्यायचा. माची कुठे, बालेकिल्ला कुठे, महादरवाजा कुठल्या तोंडाला, पाण्याचं टाकं कुठल्या उतारावर, हे सगळं ठरवायचं. अळीव किंवा मोहरी पेरायची आणि ती दिवाळीपर्यंत उगवावी म्हणून दिवस मोजून पाणी घालायचं. बाजारातून आणलेले मातीचे मावळे, गवळण, भाजीवाली कुठे उभी करायची यावरून भांडायचं. पुणे परिसरातल्या मुलांच्या पिढ्यान् पिढ्या उतार, तोल, प्रमाण, पाण्याचा निचरा आणि नकाशा या गोष्टी पहिल्यांदा इथे शिकल्या आहेत. पुस्तकात त्या पुढे येतात.

किल्ल्यात शिक्षणाचं काय काय आहे ते जरा नीट पाहू. पहिली गोष्ट, निर्णय मुलांचा असतो. मोठी माणसं माती आणून देतात, सल्ला देतात, कधी वैतागतातही. पण राजगड करायचा की काल्पनिक किल्ला हे मुलंच ठरवतात. दुसरी, तो रस्त्यावर किंवा अंगणात असतो, येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो. विचारल्यावर सांगावं लागतं, आणि सांगायचं म्हणजे आधी माहिती काढावी लागते. तिसरी, तो दरवर्षी मोडतो. गेल्या वर्षी बुरूज का ढासळला हे लक्षात ठेवून पुढच्या वर्षी पाया रुंद घेतला जातो. भिंतीवरच्या चित्राला ही दुसरी संधी सहसा मिळतच नाही. चौथी, दहा वर्षांचं मूल पंधरा वर्षांच्या मुलाकडून शिकतं. तालमीत जसं धाकटा मल्ल थोरल्याच्या अंगावर खेळून शिकतो तसं हे आहे, आणि मुळशीला तालीम काय असते हे सांगायला नको. २०१७ची महाराष्ट्र केसरी भूगावातच झाली. मुळशीच्या मुलांना तर पाहायला खरे किल्लेही जवळ आहेत, घनगड आहे, जलाशयाच्या काठावरचा कैलासगड आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा सगळीकडे आनंद झाला, मलाही झाला. पण त्याच सुमारास नव्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चिखल नको म्हणून किल्ल्याला मनाई होते आणि बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला मिळतो, याचं दुःख तितकंच आहे. तयार किल्ल्यात मुलांनी ठरवायचं काहीच उरत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. किल्ला हा दिवाळीचा, शिवकालाचा, मराठी घरांचा. पिरंगुटच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या बांधकामांवर आलेल्या बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाडा इथल्या कुटुंबांच्या मुलांचं काय? वेगळ्या धर्माच्या मुलांचं काय? माझा अनुभव असा की चिखलात हात घालायला मुलांना कुठलीच अडचण वाटत नाही. बांधकामावर वाढलेली मुलं तर विटांचा सांधा कसा बसवायचा हे इतरांना शिकवतात. अडचण येते ती मोठ्यांनी ‘आपली मुलं’ आणि ‘त्यांची मुलं’ अशी रेघ ओढली की. ती रेघ ओढली गेली तर किल्ल्यातलं शिक्षण त्या क्षणी संपतं, हे मान्य करायलाच हवं. म्हणूनच किल्ल्याची पद्धत घ्यावी आणि विषय मोकळा ठेवावा असं मी म्हणते. जमीन ही सगळ्यांची सामाईक गोष्ट आहे, जुन्यांची आणि नव्यांचीही. भुकूमच्या खाटपेवाडीकडे उगम पावणारी राम नदी भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असा प्रवास करून मुळेला मिळते. सोसायटीत राहणाऱ्या कित्येक मुलांना आपल्या खिडकीखालचा नाला म्हणजे नदी आहे हे माहीत नसतं, आणि गावातल्या आजीला त्याच नदीवर धुणं धुतल्याचं आठवत असतं. मातीत हा प्रवाह उतारासकट मांडायचा, त्यात पाणी ओतून बघायचं, कुठे भराव टाकला, कुठे ओढा पाइपात घातला, कुठे पाणी तुंबतं ते शोधायचं. हे काम करताना नवं-जुनं, मराठी-हिंदी हा भेद आपोआप मागे पडतो, कारण प्रत्येकाकडे माहितीचा वेगळा तुकडा असतो आणि सगळ्यांचे तुकडे जोडल्याशिवाय नदी पुरी होत नाही. मग त्या मांडणीतून भिंतीवर काय जाईल याची चर्चा सुरू करता येते.

एवढं मोठं काम मुलं खरोखर करू शकतात का, असं विचारणाऱ्यांसाठी लॉस एंजेलिसचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे पुरापासून बचावासाठी लष्कराच्या अभियंत्यांनी नद्या काँक्रीटच्या चरांत बंद केल्या होत्या. त्यातल्या तुजुंगा वॉश या चराच्या भिंतीवर चित्रकार ज्युडी बाका यांनी १९७६पासून काम सुरू केलं. काही उन्हाळे चाललेल्या त्या कामात चारशेहून अधिक तरुण मुलं-मुली सामील झाली. त्यातली अनेक पोलीस आणि बालन्यायालयाच्या फेऱ्यात अडकलेली होती. सुमारे अर्धा मैल लांबीच्या त्या भित्तिचित्रात कॅलिफोर्नियाचा इतिहास आहे, पण तिथल्या पाठ्यपुस्तकांत त्या काळी सहसा न येणाऱ्या माणसांचा: मूळनिवासी, मेक्सिकन, काळे, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी-अमेरिकन. मुलांनी आधी इतिहास वाचला, जाणकारांकडून ऐकला, मग रेखाटनं झाली, मग ती भिंतीवर चढली. मुळशीतल्या मुलांबद्दल आज बाहेर बोललं जातं ते २०१८च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाच्या नावाने. जमिनी विकल्या गेल्या आणि तरुण गुन्हेगारीकडे वळले ही त्याची गोष्ट. चित्रपटाने एक खरा सल मांडला, पण ते नाव इथल्या प्रत्येक मुलाला चिकटलं. आपल्या गावाची दुसरी गोष्टही आपणच सांगू शकतो, हे त्या वयात कळणं फार मोठी गोष्ट आहे.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. मुलांना आणि वस्तीला ठरवू दिलं तर वाद निघतात. कुणाचा इतिहास काढायचा? जमीन विकलेल्याचा की विकायची नाही म्हणून बसलेल्याचा? मुळशी सत्याग्रहाचंच घ्या. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, विनायकराव भुस्कुटे आणि मावळातले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. पुढे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे सेनापती झाले. बायकाही तुरुंगात गेल्या. १९२४पर्यंत लढा चालला, शेवटी धरण झालं, भाताची खाचरं आणि पन्नासच्या आसपास गावं त्याच्या कचाट्यात आली आणि पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला जाऊन त्यातून मुंबईसाठी वीज तयार झाली. हा जगातल्या धरणविरोधी लढ्यांमधला अगदी आरंभीचा लढा मानला जातो, अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. तरी पौड रस्त्याने रोज जाणाऱ्या मुलाला त्याबद्दल सांगणारी भिंत सहसा सापडत नाही. कारण विषय निघाला की आजचे जमिनीचे व्यवहारही निघतात आणि कार्यक्रमाला आलेले पाहुणे अवघडतात. मुलांना यात ओढू नका असं सांगितलं जातं तेव्हा त्यामागची काळजी मला समजते. पण मुलं आधीच त्यात आहेत. शेत कुठे होतं, आता तिथे कुठली इमारत आहे, घरात कशावरून अबोला आहे, हे त्यांना ठाऊक असतं. चित्राच्या निमित्ताने ते शांतपणे, सगळ्यांसमोर, दोन्ही बाजू ऐकून बोलता येतं. आणि एखादी गोष्ट भिंतीवर काढायची नाही असं मुलांनी कारणं देऊन ठरवलं, तर तोही त्यांचा निर्णय म्हणून मी मानते. न विचारता गाळणं आणि विचार करून गाळणं यात फार अंतर आहे. मुंबईत माहीम-दादरकडच्या ज्या रस्त्याला सेनापती बापटांचं नाव आहे, तिथली रेल्वेची लांबलचक भिंत ऑगस्ट २००९ मध्ये ‘द वॉल प्रोजेक्ट’ने सामान्य नागरिकांना रंगवायला खुली केली. शेकडो माणसं आली, त्यांनी आपापला तुकडा रंगवला. मुळशीच्या विजेवर वाढलेल्या शहरात मुळशीच्या सेनापतीच्या रस्त्यावर हे घडलं याचं मला अप्रूप आहे. तिथे प्रत्येकाने आपलं चित्र काढलं. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट सांगणं ही त्यापुढची पायरी आहे, आणि ती चढायला वस्ती एकमेकांना ओळखणारी लागते.

दर्जाचा आक्षेप चित्रकार मित्रांकडून येतो. मुलांच्या हाती भिंत दिली की ती ओबडधोबड होते, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि मग वर्षानुवर्षं गावाने ते विद्रूप बघायचं, असं ते म्हणतात. यातला अर्धा भाग तंत्राचा आहे आणि त्यात ते पूर्ण बरोबर आहेत. मुळशीचा पाऊस पुण्याच्या पावसासारखा नाही. सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाल तसा तो वाढतच जातो. भिंतीत ओल असताना रंग दिला तर तो फुगतोच. मागून माती टेकलेल्या भिंतीवर काम करूच नये. शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढायचं, भेगा भरायच्या, बाहेरच्या भिंतीसाठीचाच प्रायमर द्यायचा आणि बाहेरचाच इमल्शन वापरायचा, डिसेंबर ते मार्चमध्ये काम उरकायचं. कागदावरचं चित्र चौकटी आखून भिंतीवर मोठं करायचं, हे सगळं शिकवावं लागतं आणि मुलं ते आनंदाने शिकतात, कारण त्यामागे कारण असतं. उरलेला अर्धा भाग कलेचा आहे. मुलांनी ठरवायचं याचा अर्थ चित्रकाराने बाजूला बसायचं असा होत नाही. उलट त्याचं काम वाढतं. शंभर रेखाटनांतून कुठल्या तीन-चारांत ताकद आहे ते ओळखणं, रंग मोजके ठेवायला लावणं, लांबून चित्र कसं दिसेल ते दाखवणं, मुलाची वेडीवाकडी पण जिवंत रेघ ‘सुधारून’ मारून न टाकणं, यासाठी पक्का हात आणि पक्की नजर लागते. सेवाग्राममध्ये नई तालीमच्या शाळेत देवी प्रसाद यांनी चाळीसच्या दशकापासून हेच काम केलं. मुलांची कला हा शिक्षणाचा पाया मानून त्यांनी ती जपली, आणि स्वतः ते उत्तम चित्रकार आणि कुंभकलाकार होते. पुण्यात गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी मुलांना मोकळेपणाने घडू देण्याची जी रीत रुजवली, तीही शिस्त नसलेली मोकळीक नव्हती.

कलेने वस्ती सजते पण सुधारत नाही, असंही म्हटलं जातं. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची घरं २०१८च्या सुमारास रंगीबेरंगी झाली, मेट्रोतून जाणाऱ्यांनी फोटो काढले, आणि गळकी छपरं तशीच राहिली अशी टीका झाली. रहिवाशांपैकी अनेकांना ते रंग आवडले होते हेही सांगायला हवं. पण ही टीका मला पटते, कारण बाहेरून दिसण्यासाठी केलेलं काम बाहेरच्यांसाठीच उरतं. धारावीत २०१५ साली ‘स्नेहा’ संस्थेने भरवलेली बिएनाले (कलाप्रदर्शन) मला म्हणून जवळची वाटते. तिथे कलाकारांनी धारावीतल्या रहिवाशांबरोबर आरोग्याच्या प्रश्नांवर दीर्घ काळ कार्यशाळा घेतल्या आणि त्यातून आलेलं काम धारावीतच मांडलं. पाहुणे आले, पण चर्चेचा विषय तिथल्या माणसांनी निवडला होता. रंगाने नळाला पाणी येत नाही, हे खरं आहे. पण आपल्या गल्लीत काय हवं यावर बोलायची सवय मुलांना आणि बायांना लागली तर पाण्याच्या मागणीलाही जोर येतो.

शेवटी पैशाचा आणि वेळाचा मुद्दा राहतो. ठेकेदार चार दिवसांत भिंत देतो, मुलांबरोबर तेच काम काही महिने चालतं. साहित्य दोन्हीकडे जवळपास तेवढंच लागतं. जास्तीचा खर्च होतो तो माणसाच्या वेळावर, आणि तोच आपण देत नाही. कला शिकवणारा माणूस हौसेने, पदरमोड करून येईल असं गृहीत धरलं जातं. या पट्ट्यातल्या ग्रामपंचायती गरीब नाहीत. घरपट्टीचं आणि विकासकांकडून येणारं उत्पन्न मोठं आहे, स्वनिधीतला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचं बंधनही आहे. तो शिलाई मशीन आणि सायकली वाटण्यात जातो. ते जरूर चालू राहावं, पण त्यातून एका कलाशिक्षकाचं वर्षभराचं मानधन निघू शकतं. मोठ्या गृहप्रकल्पांना सार्वजनिक सुविधांसाठी जागा सोडावी लागते. तिथल्या एका कोपऱ्यात माती आणि पाण्याची सोय असलेली, सोसायटीबाहेरच्या मुलांनाही खुली अशी जागा मागता येईल. शाळा, ग्रामपंचायत किंवा सोसायटी, भिंत ज्याची असेल त्याची परवानगी लेखी घ्यावी, कारण सार्वजनिक जागेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५चा कायदा चांगल्या हेतूलाही सवलत देत नाही. हे विषय गावाच्या विकास आराखड्यात यायचे तर ते २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायला हवेत. मग निधी एप्रिलनंतर हाताशी येतो, पावसाळाभर मुलांना माती, नकाशे आणि कागदावर काम करायला मिळतं, दिवाळीत किल्ल्याशेजारी राम नदीची पहिली मांडणी गावाला दाखवता येते, आणि भिंतीला हात लावायचा तो डिसेंबरात, ओल पुरती उतरल्यावर.